कॅमशाफ्टचा अभ्यास कुठून सुरू करावा: ड्रॅग रेसिंगच्या इंजिनांवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

इंजिन बांधणीच्या कामावर नव्याने येणारे अभियंते मला बहुधा आधी विचारतात, की कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडमिट करणाऱ्या फिरत्या दांड्याची, लिफ्ट (उचल) किती ठेवावी. माझ्या मते पहिला प्रश्न इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह केव्हा बंद होतो हा असावा, कारण इंजिन कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) जोर धरणार हे सर्वाधिक त्यावरच ठरते. पिस्टन तळाला पोहोचून वर येऊ लागला तरी वेगाने आत शिरणारी हवा जडत्वामुळे सिलिंडर भरतच राहते, म्हणून जास्त आरपीएमच्या इंजिनात व्हॉल्व्ह उशिरा मिटवतात. कमी आरपीएमला मात्र त्याच उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून पिस्टन भरलेला चार्ज (हवा-इंधनाचे मिश्रण) उलट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलून देतो.

एक उदाहरण कागदावर सोडवून पाहावे. ०.०५० इंच लिफ्टवर मोजलेले इनटेकचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) २८० अंश आणि सेंटरलाइन, म्हणजे त्या काळाचा मध्य, टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असण्याची स्थिती) ११० अंश असेल, तर व्हॉल्व्ह टीडीसीपूर्वी ३० अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असण्याची स्थिती) ७० अंशांवर मिटतो. एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) ड्युरेशन २९० आणि लोब सेपरेशन, म्हणजे कॅमवरील इनटेक व एक्झॉस्टच्या लोबांच्या (उंचवट्यांच्या) मध्यांतील कोन, ११२ अंश धरल्यास ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, ६१ अंश येतो. आता कॅम ४ अंश अॅडव्हान्स केला, म्हणजे क्रँकच्या मानाने पुढे सरकवला, तर ओव्हरलॅप तेवढाच राहतो, पण इनटेक ६६ अंशांवर मिटतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क वाढतो. ही आकडेमोड हाताने जमेपर्यंत सिम्युलेशन सॉफ्टवेअर उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एनएचआरए या अमेरिकेतील ड्रॅग रेसिंग संघटनेच्या प्रो स्टॉक वर्गात ५०० घनइंचांचे, सुपरचार्जर नसलेले व्ही-८ इंजिन असते आणि २०१६ पासून त्याला १०,५०० आरपीएमची मर्यादा आहे. त्या वेगाला क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा कॅम मिनिटाला ५,२५० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ८७ हून अधिक वेळा उघडतो, आणि वरच्या उदाहरणातले २८० अंश साडेचार मिलिसेकंदांच्या आत संपतात. इतक्या थोड्या वेळात पुशरॉड (कॅमची उचल व्हॉल्व्हकडे नेणारी सळई) वाकतो, व्हॉल्व्हची स्प्रिंग स्वतःच थरथरते आणि व्हॉल्व्ह लोबचा पाठलाग सोडून भलत्याच वाटेने जातो. म्हणूनच लोबचा आकार ठरवताना वेग आणि त्वरण यांच्याबरोबर त्वरणातील बदलाचा दरही पाहावा लागतो. टॉप फ्युएल या दुसऱ्या वर्गाचे गणित निराळे आहे, कारण तिथे सुपरचार्जर हवा दाबून भरतो. तो विषय नंतर हाती घ्यावा.

कामाच्या टेबलाशी आधी शिकायचे ते कॅम डिग्री करणे, म्हणजे तो ठरल्या अंशांवर बसला आहे का हे मोजणे. पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाण्यापूर्वी अडवणारा अडसर) लावून क्रँक दोन्ही दिशांना फिरवावा आणि क्रँकला लावलेल्या डिग्री व्हीलवरील (अंशांची चकती) दोन नोंदींच्या मध्यावर खरा टीडीसी निश्चित करावा. मग लिफ्टरवर (लोबवर टेकणारा भाग) डायल गेज टेकवून, उघडताना आणि मिटताना ०.०५० इंचाला येणारे अंश नोंदवून कॅम कार्डाशी (कॅमसोबत येणारा मापांचा तक्ता) ताडून पाहावेत. त्यानंतर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर तपासावे. इनटेकला किमान ०.०८० इंच आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच ही रूढ मर्यादा आहे. एक्झॉस्टला जास्त जागा लागते, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि फ्लोट झाल्यास, म्हणजे लोबपासून सुटून उघडाच राहिल्यास, वर येणारा पिस्टन त्याला गाठतो.

पहिली नोकरी शोधताना नामांकित संघांपेक्षा हौशी स्पर्धकांची इंजिने बांधणारे छोटे शॉप निवडावे, कारण तिथे स्प्रिंगचा दाब मोजण्यापासून इंजिन डायनोवर (शक्ती मोजणारे यंत्र) चढवण्यापर्यंतचे सगळे काम एकाच माणसाच्या हाती पडते.