शाळेच्या दिंडीचा वेश घरच्या घरी करताय? मग या चुका टाळा

कांदेनवमीच्या संध्याकाळी घरोघरी भजी तळायला घेतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "बाई, उद्या दिंडी आहे ना, विठ्ठलाचं काहीतरी पटकन होईल असं सांगा ना." सूचना दहा दिवस आधी वहीत चिकटवलेली असते, तरी फोन आदल्या रात्रीच येतात. मी सांगलीत सोळा वर्षं बालवर्ग आणि पहिलीला शिकवतेय, म्हणजे कितीतरी दिंड्या झाल्या, आणि दरवर्षी त्याच चुका बघून आता खरंच जीव तुटतो म्हणून हे लिहितेय. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे एकादशी २५ जुलैला शनिवारी आहे, गेल्या वर्षी ६ जुलैलाच होती, त्यामुळे वेळ भरपूर आहे आणि पाऊसही जास्त असणार. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून वाचा.

पहिली आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे पोराला रंग फासणं.

विठ्ठल सावळा म्हणून काही आया पोराच्या तोंडाला, हाताला, पोटाला निळा नाहीतर काळा रंग लावून पाठवतात. आणि तो रंग कसला, तर चित्रकलेच्या पेटीतला पोस्टर कलर. काही वर्षांपूर्वी पहिलीतलं एक पोरगं असंच आलं होतं, कानाच्या मागेसुद्धा निळं. आठ दिवस त्याने अभंग पाठ केला होता, पुढे उभं राहून तोच म्हणणार होता. प्रार्थनेपर्यंत रंग वाळून चेहऱ्याला भेगा पडल्या आणि ते खाजवायला लागलं. मग भुरभुर सुरू झाली, रंग ओघळून डोळ्यात गेला, त्याने हाताने चोळलं आणि हातालाही तोच रंग. नळाखाली धरून आम्ही दोघीजणी पंधरा-वीस मिनिटं त्याचे डोळे धूत होतो, ते ओरडत होतं, आणि बाहेर टाळ वाजायला लागले होते. दिंडी निघाली तेव्हा ते आईच्या खांद्यावर डोळे मिटून घरी चाललं होतं. गालावर लाल चट्टे नंतर चार-पाच दिवस होते. आईने मुद्दाम केलं नव्हतं, तिला वाटलं पाण्याचा रंग आहे, धुतला की जाईल. पण तो रंग कागदासाठी असतो, कातडीसाठी नाही, एवढं साधं आहे हे.

आता याच्या उलटी चूक सांगते. तीही तेवढीच होते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. सावळ्या पोरांना आया पावडरचा थर देऊन पाठवतात. मानेपर्यंत पांढरं आणि खाली त्याचा खरा रंग. अहो, तुमचं पोर सावळं आहे आणि त्याला विठ्ठल करायचाय, मग याहून चांगलं काय पाहिजे? एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, रखुमाई गोरीच असते का?" पाच वर्षांची पोर. तिच्या कपाळावर पावडर आणि घाम मिसळून लगदा झाला होता. मी ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसलं, कुंकू लावलं आणि रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं. तेव्हापासून माझ्या वर्गात नियमच आहे, तोंडाला काहीही लावायचं नाही. गोपीचंदनाचा टिळा आणि मधे बुक्का, बास. वारकरी झालेल्या मुलांना काजळाची मिशी काढली तर चालते, ती रुमालाने निघते.

दुसरी मोठी चूक म्हणजे भाड्याचा ड्रेस.

आमच्याकडे तीनशे-साडेतीनशे भाडं आणि वर पाचशे डिपॉझिट असतं. मखमली जाकीट, चकचकीत कापड, टोचणारी जर. आणि माप कधीच पोराचं नसतं. एका वर्षी मोठ्या गटातला एक मुलगा आला, ड्रेस दहा वर्षांच्या मुलाचा, म्हणून आईने जागोजागी पिना मारून तो आवळून बसवलेला. कमरपट्टा पिनेने जाकिटाला, जाकीट धोतराला, धोतर आतल्या चड्डीला. दिंडी देवळाच्या अर्ध्या वाटेत असताना त्याला शू लागली. मी आणि आमच्या मावशी पावसात एका ओसरीला थांबून पिना सोडवत होतो, मी मोजल्या, चौदा होत्या, आणि व्हायचं ते झालंच. लहान मूल आहे, होतं, मी त्याला म्हटलं काही नाही रे बाळा. तर ते ओलं झाल्याचं रडतच नव्हतं. ते म्हणत होतं, "ड्रेस भाड्याचाय, पैसे कापतील, आई ओरडेल."

आपल्याला साडेतीनशे रुपयांत तयार ड्रेस मिळतो आणि पोराला दिवसभर त्याची भीती. बसू नको, भिजू नको, खाऊ नको, डाग पडेल. मग आषाढात दिंडी काढायची कशाला? पावसात चालायचं, डबक्यात पाय मारायचा, देवळात राजगिऱ्याचा लाडू खायचा आणि त्याचा चुरा अंगभर सांडायचा, हे सगळं त्या दिवसातच आहे ना. म्हणून वेश असा पाहिजे की भिजला, मळला, फाटला तरी घरात कोणाच्या कपाळाला आठी पडणार नाही.

आणि असा वेश तुमच्या कपाटात पडून आहे. ओटीत आलेले ब्लाऊजपीस! प्रत्येक घरात गठ्ठा असतो, या लग्नातला, त्या बारशातला, पुढच्या कोणाच्या तरी ओटीत घालायला ठेवलेला. त्यातले दोन पिवळे काढा, नसतील तर शेजारी विचारा, आणि एका बाजूने जोडून घ्या. वरच्या कडेला नेफा शिवून त्यात इलॅस्टिक घाला. नाडी नको, पोरांना गाठ सुटत नाही आणि घाईत निरगाठ बसते. पुढच्या बाजूला चार निऱ्या घालून त्या नेफ्यालाच टाके मारून ठेवा. झाला पीतांबर. आत त्याची रोजची चड्डी असू दे. एकट्याला बाथरूमला जाता आलं पाहिजे, ही माझी एकच परीक्षा आहे, त्यासाठी आदल्या दिवशी घालून घरात एकदा जाऊन यायला सांगा. तिसरा ब्लाऊजपीस खांद्यावरून शेला, आणि भगवा सापडला तर त्याची पताका. मशीन नसेल तर हातशिलाई, एका संध्याकाळचं काम आहे. पण ती संध्याकाळ आदली नको, कारण घाईत टाके लांब पडतात आणि इलॅस्टिक निघून येतं.

मुलींच्या नऊवारीसाठी आजीची मऊ झालेली सुती साडी अर्धी कापून घ्या. अख्खी साडी पाच वर्षांच्या पोरीला गुंडाळू नका, निम्मं कापड पोटावर गोळा होतं, तिला चालता येत नाही आणि वाकताही येत नाही. आजी कापू देणार नाही असं वाटत असेल तर आधी आजीला विचारा तरी, माझ्या अनुभवात आज्या हसत देतात आणि शिवायलाही बसतात.

मुकुटाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हेच रस्त्यात सगळ्यात आधी मोडतं. पहिलं म्हणजे मोरपीस आणि बासरी काढून ठेवा, तो गोकुळाष्टमीचा वेश झाला. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या डोक्यावर उंच, वर निमुळता होत गेलेला मुकुट आहे आणि दोन्ही हात कमरेवर. काय काय घालायचं ते शोधायला मोबाईल नको, तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान' या अभंगात सगळं आलंय, तुळशीहार, पीतांबर, मकरकुंडलं, कौस्तुभमणी. मुलांना तो पाठच असतो, त्यांनाच एकेक वस्तू ओळखायला सांगा, त्यांना फार आवडतं.

तर मुकुट. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या आणि आतल्या पन्हळी उभ्या येतील असा कापा, म्हणजे गोल वळवताना घडी पडत नाही. आडव्या धरल्या की मधेच मोडतो आणि मग लोक म्हणतात पुठ्ठा खराब होता. वर सोनेरी कागद चिकटवू नका, पहिल्या सरीत कागद सुटतो आणि सोनेरी पाणी कपाळावर येतं. जुन्या साडीचा जरीचा काठ लावा, नसेल तर मिठाईच्या खोक्याचं सोनेरी झाकण कापून लावा आणि सगळ्यावर आतून-बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी. स्टेपलर मारलात तर पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि त्यावर पट्टी लावा, दोनदा मी पोरांच्या कपाळावरचं रक्त पुसलंय. आत जुन्या बनियनची चुंबळ करून शिवा. हनुवटीखालून इलॅस्टिक नको, ते काचतं आणि मुलं ते तोंडात धरून चावत बसतात.

मकरकुंडलं म्हणजे माशाच्या आकाराची. खोक्याच्या उरलेल्या तुकड्यातून कापा आणि दोरा कानावरून अडकवा. गोंदाने कानाला चिकटवू नका. हो, असंही करतात.

वीट: खरी वीट पोराच्या हातात देऊ नका, पायावर पडते. बुटाचं खोकं पण नको, उभं राहिलं की बसतं. शाळेत एक पाट ठेवलेला असतो, तो पुरे.

तुळशीहार सकाळी करा, रात्री केलेला मान टाकतो. आणि एका हारासाठी अख्खं रोप ओरबाडू नका, मंजिऱ्या आणि वरचे शेंडे खुडा, उलट रोप भरतं. हिरव्या क्रेप कागदाचा हार केलात तर पावसात पिवळ्या पीतांबराचं काय होतं ते बघाच एकदा.

टाळ विकत आणायची गरज नाही, स्टीलच्या छोट्या डब्यांची दोन झाकणं असतील तर त्यांना मधे भोक पाडून दोरी ओवून घ्या, मस्त वाजतात. भोकाची धार घासून घ्या मात्र. पताकेची काठी पोराच्या खांद्याएवढी, जास्त नाही, आणि टोकाला कापडाची गुंडी बांधा. चौतीस मुलांच्या रांगेत उघडं टोक कोणाच्या डोळ्याजवळ जाईल सांगता येत नाही.

आणि सगळ्यांनी विठ्ठलच का व्हायचं? एका वर्षी माझ्याकडे एकोणीस विठ्ठल होते. सावता माळी करा की. अरणचे सावतोबा, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला म्हणतात. पांढरा सदरा, डोक्याला आजोबांच्या उपरण्याचं मुंडासं, हातात दुरडी आणि दुरडीत घरातलीच भाजी, मुळा, कोथिंबीर, दोन वांगी. खर्च शून्य, आणि देवळातून परत येऊन तीच भाजी रात्री कोणाकडे तरी शिजते. गेल्या वर्षीचा आमचा सावतोबा रस्ताभर लोकांना कोथिंबीर वाटत चालला होता, देवळाशी पोचला तेव्हा दुरडीत एकच वांगं. मुलींसाठी जनाबाई आहे, साधं लुगडं आणि हातात दळणाचं छोटं सूप. ज्यांना काहीच जमत नाही त्यांनी पांढरा सदरा, टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ घालून वारकरी पाठवावा. आळंदीहून आणि देहूहून जे लाखो लोक चालत निघतात ते असेच साधे असतात, त्यात काही कमी नाही.

रेनकोट वेशावरून घालू नका, आत घामाने जास्त भिजतात. दप्तरात एक कोरडं बनियन, चड्डी आणि टॉवेल एवढं द्या. पायात रोजच्या पट्ट्याच्या सँडल असू देत, अनवाणी नको, रस्त्यावर काचा असतात.

डब्याला साबुदाण्याची खिचडी देणार असाल तर रात्री भिजवताना पाणी दाण्याच्या बरोबरीनेच ठेवा, वर उभं राहू देऊ नका, नाहीतर सकाळी गोळा. दाण्याचं कूट हात सैल सोडून घाला.

आणि शेवटी पालकांना हात जोडून सांगते, रांगेतून पोराला बाहेर ओढून फोटो काढू नका. "इकडे बघ, हात कमरेवर, हस, परत एकदा." तेवढ्यात रांग पुढे जाते, पोर धावतं, पीतांबरात पाय अडकतो. फोटो घरून निघताना दारात काढा. दिंडीत तुम्हीही चाला, टाळ घ्या, भिजा. सुटल्यावर कोपऱ्यावर कणसाची गाडी असते, तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं एक कणीस तिघांत खा, ओल्या कपड्यांनीच. माझ्या जुन्या मुलांना विचारलं की त्यांना ते कणीस आठवतं, मुकुट कसा होता ते कोणालाच आठवत नाही.

घरी आल्यावर पीतांबर लगेच गार पाण्यात टाका, आणि पिवळा रंग पहिल्यांदा जातोच म्हणून वेगळा धुवा. बुक्का आधी कोरडाच झटका, ओला करून चोळलात तर पसरतो. आणि शिवतानाच खाली चार बोटं दुमड आत ठेवलेली असेल तर पुढच्या आषाढात तेवढी उसवायची, पोर वाढलेलं असतं.