लिनक्स सर्व्हरला नेटवर्क कार्ड दिसत नसेल तर

आधी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) चालवा; बोर्डाला जोडलेल्या कार्डांची आणि त्यांच्या ड्रायव्हरांची यादी मिळते. नुसत्या ‘आयएफकॉन्फिग’वर (ifconfig) विसंबू नका, बंद इंटरफेस (कार्डाचं सिस्टिममधलं नेटवर्क कनेक्शन) ते ‘-ए’ (-a) जोडल्याशिवाय दाखवत नाही.

यादीत कार्ड आहे, पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही? मग घोळ बहुधा ड्रायव्हरचा. ओळ असूनही इंटरफेस नसेल, तर ‘डीमेसेज’मध्ये (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद) ‘फर्मवेअर’ (firmware, कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) शोधा. डेबियन ११ पर्यंतच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेलं) फर्मवेअर नसे, त्यामुळे ब्रॉडकॉमची बीएनएक्स२ कार्डं हमखास अडायची. अशा वेळी ‘फर्मवेअर-बीएनएक्स२’ (firmware-bnx2) पॅकेज पेनड्राइव्हवरून टाका आणि रीबूट करा.

यादीतच कार्ड नसेल, तर ड्रायव्हरमागे वेळ घालवू नका. पॉवर केबल काढून कार्ड पुन्हा घट्ट बसवा, बायोसमध्ये स्लॉट चालू आहे ना बघा. दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर बसणाऱ्या) बोर्डावर दुसरा प्रोसेसर नसेल, तर त्याला जोडलेले स्लॉट मेलेलेच असतात. कार्ड पहिल्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये हलवा.