लहान मुलांसह थीम पार्कच्या सहलीचे नियोजन

थीम पार्कची सहल आखताना तिकिटे काढण्याआधी मुलांची उंची मोजावी, कारण बहुतेक मोठ्या राइड्सवरचा प्रवेश वयावर नव्हे तर उंचीवर ठरतो आणि ही अट बहुधा 90 ते 120 सेंटिमीटरच्या आसपास असते. सुरक्षापट्टा आणि अडसर ठरावीक मापाच्या शरीरालाच नीट धरून ठेवतात, त्यामुळे या नियमात सूट मागू नये. जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. कोणत्या राइड्समध्ये बसता येणार नाही हे संकेतस्थळावर पाहून मुलाला घरीच सांगितले, तर रांगेच्या तोंडाशी होणारा हिरमोड टळतो.

दिवसाची आखणी मुलाच्या झोपेभोवती करावी. पार्क उघडण्यापूर्वीच पोहोचावे, रांगा लहान असताना आवडीच्या राइड्स घ्याव्यात आणि दुपारी मुक्कामावर परतून विश्रांती घ्यावी. म्हणूनच पार्कजवळच्या मुक्कामासाठी थोडे अधिक पैसे मोजणे मला योग्य वाटते. चालता येणाऱ्या मुलासाठीही बाबागाडी न्यावी.

अनेक पार्कांत पालकांना आळीपाळीने राइड घेण्याची सोय असते: एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. त्याबद्दल राइडच्या प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यांना विचारावे.

मुलाच्या मनगटपट्टीवर पालकांचा फोन क्रमांक लिहावा आणि सकाळीच त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे चुकामूक झाल्यास त्याच्या अंगावरचे कपडे अचूक सांगता येतात.