‘काही नसेल ना हो?’ : आजाराच्या भीतीत हमखास होणाऱ्या चुका

सांगलीत राहणाऱ्या शंकेखोर माणसाची एक मोठी सोय आहे, आणि तीच त्याला नडते. मिरज आठ-दहा किलोमीटरवर. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आता तर कर्नाटकातून माणसं रेल्वेनं उपचाराला येतात. आम्हाला सिटी बस पुरते. सकाळी छातीत चमकलं की दुपारी ईसीजी हातात. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. एका वर्षात माझे सात ईसीजी झाले, सातही नॉर्मल. सातव्याचा दिलासा परतीची बस विश्रामबागला पोचेपर्यंत टिकला. तिथं मनात आलं, की ईसीजी काढला तेव्हा दुखत नव्हतंच, मग त्यात दिसणार काय?

मन चिंती ते वैरी न चिंती, हे आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. त्या चिंतण्यावरही इलाज आहे, हे फार उशिरा कळलं. तोवर केलेल्या चुका खाली मांडतोय. मी डॉक्टर नाही, या वाटेनं गेलेला रुग्ण आहे.

दिलाशालाच औषध समजणं

ही सगळ्या चुकांची आई. भीती वाटली, विचारलं, कुणीतरी ‘काही नाही हो’ म्हटलं, जीव भांड्यात पडला. पण मेंदू यातून ‘मी ठणठणीत आहे’ हे शिकत नाही. तो शिकतो, ‘विचारलं म्हणून वाचलो’. पुढच्या वेळी तो लवकर विचारायला लावतो आणि तेवढ्यानं भागतही नाही. हिलरी वॉरविक आणि पॉल सॅल्कोव्हस्किस या इंग्लंडमधल्या तज्ज्ञांनी १९८६ मध्येच हे चक्र मांडलं होतं. मला ते मानसोपचारतज्ज्ञांनी एका वाक्यात सांगितलं: ‘गजकर्ण खाजवल्यावर बरं वाटतं की नाही? पण म्हणून ते बरं होतं का?’

उपाय विचारणं थांबवण्याचा नाही, लांबवण्याचा आहे. बायकोला विचारावंसं वाटलं की घड्याळ बघायचं आणि १५ मिनिटं थांबायचं. वहीत वेळ लिहायची, भीतीला दहापैकी किती गुण ते लिहायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा गुण. माझ्या वहीत पहिल्या दिवशी नऊचे आठ झाले, एवढंच. पण विचारल्याशिवाय झाले! मग अर्धा तास, मग ‘उद्या सकाळी विचारू’. सकाळी निम्म्या वेळा प्रश्नच आठवत नाही.

आडून विचारणं

इथं आपण फार हुशार असतो. सरळ विचारायचं बंद केलं असं घरी सांगितलं, आणि मागच्या दारानं तेच सुरू. लग्नाच्या पंगतीत शेजारी डॉक्टर बसले की सहज म्हणून, ‘आमच्या एका मित्राला असं होतं बघा...’ एमबीबीएस करणाऱ्या भाच्याला रिपोर्टचा फोटो, खाली नुसतं प्रश्नचिन्ह. तो बिचारा पहिल्या वर्षाला. ‘मामा, मला अजून हाडांची नावंच पाठ होईनात,’ म्हणाला. सासूबाईंची तब्येत विचारायची ती काळजीनं नाही, त्यांची लक्षणं आपल्याशी जुळतात का ते बघायला. मोबाईलवर एकच प्रश्न पाच तऱ्हेनं टाकायचा आणि सहावं उत्तर भीतीदायक आलं की तेच खरं मानायचं.

माझी सगळ्यात लबाड पळवाट तर कुणाला दिसतच नव्हती. मनातल्या मनात मीच स्वतःला, ‘सात ईसीजी नॉर्मल आहेत, वय ४१, सिगारेट नाही’ असं घोकायचो. तोही दिलासाच, फक्त दुकान घरचं. आता शंका आली की मी वाद घालत नाही. ‘असेलही, नसेलही, आत्ता कळणार नाही,’ एवढं म्हणतो आणि खतावणी पुढं ओढतो. हे म्हणताना पोटात खड्डा पडतो. तो पडू द्यायचा असतो, उपचार त्या खड्ड्यातच आहे.

चाचपून बघणं

मानेच्या डाव्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साधी आहे, महिन्यानं दाखवा. मी रोज किती वेळा दाबली असेल? एकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोजलं, तर दुपारी जेवणाआधीच तेवीस. तिसऱ्या दिवशी मान दुखायला लागली, जागा लाल झाली, आणि मला पुरावा मिळाला की ‘वाढतंय’. दाबून दाबून कुठलीही जागा दुखरी होते. हे स्वतःच्या मनगटावर करून बघा हवं तर. नको, करूच नका, तुम्हीही मोजत बसाल.

बीपीचं तसंच. मशीन घरी आणलं. नीट मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसायचं, दोन मोजण्यांत किमान एक मिनिट जाऊ द्यायचं. मी घाबरून, लागोपाठ चार वेळा मोजायचो आणि आकडा वाढत गेला की आणखी घाबरायचो. भीतीनं नाडी वाढते, श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. नेमकी हीच लक्षणं मला झटक्याची वाटायची. डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तेवढंच मोजा. माझं मशीन सध्या मेहुण्याकडे आहे. त्याला खरंच बीपी आहे.

रिपोर्टमधला ठळक आकडा

‘फुल बॉडी’ पॅकेज स्वस्तात मिळतं म्हणून केलं. साठ-सत्तर आकडे, त्यातले तीन ठळक. रात्रभर झोप नाही. हिशेबाच्या माणसाला तरी हे आधी सुचायला हवं होतं: बऱ्याच चाचण्यांची नॉर्मल मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी लोकांतले ९५ टक्के तिच्या आत बसतात. म्हणजे पाच टक्के धडधाकट माणसं बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. आकड्याचा अर्थ तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांनी लावायचा. आणि ज्यांनी चाचणी सांगितली नाही, त्यांच्याकडे तिचा अर्थ विचारायला जाऊ नका. ते सरळ पुढची चाचणी लिहितात.

डॉक्टर बदलत राहणं, किंवा डॉक्टरकडे जाणंच सोडणं

एक फॅमिली डॉक्टर धरा आणि त्यांना खरं सांगा, की मला आजारापेक्षा भीती जास्त आहे. आमचं ठरलंय: महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, लक्षण असो वा नसो. मधे जायचं ते फक्त त्यांनी लिहून दिलेल्या गोष्टींसाठी. छातीवर दाब येऊन घाम फुटणं, धाप लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, चक्कर येऊन शुद्ध जाणं. अशा वेळी वही बाजूला, १०८ ला फोन. आपोआप वजन घटणं, खोकल्यातून किंवा शौचातून रक्त येणं, हेही महिन्याच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं. भीतीचा आजार असलेल्यालाही दुसरा आजार होऊ शकतो. यादी त्यासाठीच आहे. तिच्यात स्वतःच्या हातानं भर घालायची नाही.

काहीजण उलट टोकाला जातात. दवाखान्याचा रस्ता टाळतात, आजाऱ्याला भेटायला जात नाहीत, वर्तमानपत्रातलं निधनाचं पान दुमडून ठेवतात. वरून ते धीट दिसतात, पण भीती तीच.

घरच्यांची चूक

‘तुला काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ आहेत.’ हे रागानं म्हटलं काय आणि प्रेमानं म्हटलं काय, दिलासाच. आणि त्रास खरा असतो. भीतीनं धडधडणारं हृदय खोटं धडधडत नाही. माझ्या बायकोनं मानसोपचारतज्ज्ञांसमोर एक वाक्य ठरवून घेतलं. परवा रात्री मी स्वयंपाकघराच्या दारात उभा, हात मानेवर. तिनं भाकरी उलटली, मागं वळूनही न बघता म्हणाली, ‘अहो, याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय. ताटं घ्या.’ पहिल्या वेळी मला राग आला होता. परवा ताटं घेतली. मात्र हे वाक्य रुग्णाच्या संमतीनं ठरलेलं हवं, नाहीतर तो नुसता तुटकपणा होतो.

मेडिकलमधून परस्पर गोळी

ओळखीचा दुकानदार झोपेची गोळी देतो. तासाभरात शांत वाटतं, म्हणून तिचीच सवय लागते आणि अचानक सोडली की त्रास दुप्पट. या आजारासाठी डॉक्टर बहुधा वेगळी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मधेच बंद करायची नसतात. सोबत विचार आणि वागणं बदलायचे ठरावीक उपचार असतात, ज्यांना सीबीटी म्हणतात. काहींना नुसते तेवढे पुरतात. मला दोन्ही लागलं.

कुठं जायचं हा प्रश्न असेल तर मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ला १४४१६ वर फुकट फोन करता येतो, मराठीतही. फोनवर छातीचं वर्णन करत बसू नका, मी तेच केलं होतं. दिवसातून किती वेळा तपासता, कुणाकुणाला विचारता, त्यात किती वेळ जातो, ते सांगा. आणि प्रत्यक्ष जाल तेव्हा ती तीन किलोंची फाईल नेली तरी चालेल, पण डॉक्टरांसमोर आधी वही उघडा.