चिमणी राखली, गिरणगाव गेलं : जुन्या गिरण्यांच्या जागी बांधताना या चुका टाळा

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये गिरणीची चिमणी अजून उभी आहे. ती राहिली हे चांगलंच झालं. पण गिरणगाव चालायचं ते भोंग्यावर, पाळी सुटल्यावर भरून वाहणाऱ्या रस्त्यावर आणि खाणावळीच्या पंगतीवर. त्यातलं काय राखलं?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: वास्तूंची मोजणी करायची, वहिवाटीची नाही. भिंती, खांब, छप्पर नकाशावर येतात. कोण कुठल्या बोळातून आडवं निघतं, कोणत्या कट्ट्यावर संध्याकाळी माणसं टेकतात, हे येत नाही. मग त्याच बोळात बेसमेंटचा रॅम्प उतरतो. म्हणून पहिली रेघ मारण्याआधी सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊला प्लॉटभोवती पायी फिरा. लालबागला तर उन्हाळ्यात जा. मिरची घेऊन तिथेच मसाला कुटून न्यायला कुठून कुठून लोक येतात! त्या खकाण्याच्या डोक्यावर फ्लॅट काढलेत, तर तक्रारी ठरलेल्या, आणि उठवला जाईल तो मसालेवालाच. तिथे वरच्या मजल्यांवर घरं नकोत, गोदामं किंवा ऑफिसं ठेवा.

दुसरी चूक छपराची. विणकाम खात्याचं करवतीच्या दातांसारखं छप्पर शोभेसाठी नव्हतं. उत्तरेकडच्या काचांतून ऊन न येता सारखा उजेड मागावर पडायचा. ते छप्पर राखायचं आणि खाली फॉल्स सीलिंग ठोकून दिवसाढवळ्या दिवे लावायचे, याला काय म्हणावं? एसीचे डक्ट भिंतीकडेनं न्या, काचा मोकळ्या सोडा.

तिसरी चूक एकट्या आर्किटेक्टची नाही. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत जायची: मोकळ्या जागा, परवडणारी घरं आणि मालक. 2001 च्या बदलानं ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. मग प्रत्येक गिरणी आपापल्या कुंपणात वाढली. ऑफिसं आली, पण स्टेशनचे पूल जुनेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. तुमच्या हातात कुंपण तरी आहे. एका फाटकातून शिरून दुसऱ्या रस्त्याला निघता येईल अशी वाट ठेवा, दिवसभर उघडी, वॉचमननं न हटकता. मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर नेलीत, तर ती गावाची उरत नाही.

आणि नाव बदलू नका. ब्रोशरमध्ये लोअर परळचं ‘अपर वरळी’ झालेलं दिसतं. टॅक्सीवाल्याला एकदा तसं सांगून बघा.