मित्रांना घालायचं गणिताचं कोडं स्वतः कसं रचावं

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरली की वांगी भाजून होईपर्यंत सगळे शेकोटीभोवती रिकामेच बसलेले असतात. कोडं घालायला याहून चांगली वेळ नाही. फक्त मोबाइलवर आलेलं कोडं तिथे सांगू नका, निम्म्यांनी ते आधीच पाहिलेलं असतं. स्वतः रचा. वाटतं तेवढं ते अवघड नाही.

सुरुवात उत्तरापासून करायची. समजा, शेवटी एक केळं उरायला हवं. एक माणूस दर ठिकाणी जवळच्या केळ्यांतली निम्मी आणि वर एक वाटतो, असं ठरवा. आता उलटं या: दर वेळी एक मिळवायचं आणि दुप्पट करायची. १ चे ४, ४ चे १०, १० चे २२. कोडं तयार झालं. ‘रावेरहून एक जण केळी घेऊन निघाला. सावदा, फैजपूर आणि भुसावळ, तिन्ही ठिकाणी जवळ होती त्यातली निम्मी आणि वर एक वाटली. घरी एकच केळं पोचलं. निघताना किती होती?’

मग सुलट बाजूने पडताळा घ्या. २२ मधली १२ गेली, १० उरली. ६ गेली, ४ उरली. ३ गेली, १ उरलं. कुठेही अर्धं केळं कापावं लागत नाही, म्हणजे आकडे जमले.

यापुढचं काम बहुतेक जण टाळतात: उत्तर एकच येतं का ते पाहणं. मी एकदा विचारलं होतं, ‘टोपलीत शंभरपेक्षा कमी आंबे आहेत. दोन-दोन, तीन-तीन किंवा चार-चार काढले तर एक उरतो, पाच-पाच काढले तर एकही उरत नाही. किती आंबे?’ एकाने २५ सांगितले, मी मान डोलावली. तेवढ्यात दुसरा म्हणाला, ‘८५ का नाही?’ त्याचंही बरोबर होतं. ‘पन्नासपेक्षा कमी’ म्हटलं असतं तर वाद झालाच नसता. तेव्हापासून मी सगळे आकडे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय कोडं घालत नाही.

चिन्हांच्या कोड्यांपासून मात्र लांब राहा. ८ ÷ २(२ + २) यावर कुणी १६ म्हणतं, कुणी १, आणि रात्रभर भांडण चालतं. ते कोडं नव्हेच. लिहिणाऱ्याने एक कंस कमी घातलाय, एवढंच.

गोष्ट कशी जोडावी हे भास्कराचार्यांकडून शिकावं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला १२०७ सालचा शिलालेख तसं सांगतो. त्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) भुंग्यांचं कोडं आहे. थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती? ३, ५, ६ आणि १ मिळून १५. गणित लहानसं, पण तो एकटा भुंगा डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्याही कोड्यात असं एक काहीतरी दिसायला हवं, मग ऐकणारा ते घरी जाऊन पुन्हा सांगतो.

कोडं घालताना दोनदा सांगा, सावकाश. उत्तर कानात सांगायचं, हा नियम आधीच ठरवा, नाहीतर सगळ्यात हुशार मित्र बाकीच्यांची मजा घालवतो. ग्रुपवर घातलं असेल तर उत्तर खाजगीत मागवा आणि त्या रात्री तरी फोडू नका.

कुणी अडलंच तर उत्तराऐवजी तेच कोडं लहान करून द्या. केळ्यांच्या कोड्यात तिघे-चौघे ‘क्ष’ मांडून गुंतले होते. मी म्हटलं, ‘फक्त भुसावळचं बघा, एक उरलं, तर तिथे पोचताना किती होती?’ मित्राचे वडील बाजूला शेंगा फोडत बसले होते. त्यांनी खाटेवर एक शेंग ठेवली, शेजारी आणखी एक, मग तेवढ्याच पुन्हा. चार झाल्या. त्यात एक घालून पुन्हा तेवढ्याच. दहा. तिसऱ्यांदा मांडून त्यांनी मोजल्या आणि म्हणाले, ‘बावीस.’