पाळणाघर शोधणाऱ्या आईबाबांना तुमचं पाळणाघर सापडेल कसं?

बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी ठिकाणी काम करणाऱ्या आईलाही पहिल्या दोन बाळांसाठी ती मिळते. ती संपत आली की बाळ मांडीवर झोपलेलं असताना आई एका हाताने मोबाइलवर शोधू लागते: ‘पाळणाघर इंदिरानगर नाशिक’, ‘सहा महिन्यांचं बाळ पाळणाघरात राहील का’. नेमकं तेव्हा तुम्ही तिला दिसायला हवं. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

सुरुवात गूगलच्या बिझनेस प्रोफाइलपासून करा, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर तुमची माहिती दाखवणाऱ्या पानापासून. ते फुकट आहे. व्यवसायाचा प्रकार ‘डे केअर’ असाच निवडा, वेळ आणि फोन नंबर नीट भरा आणि नकाशावरची खूण आपल्या दारावरच आहे ना, हे मोबाइल हातात घेऊन चालत जाऊन तपासा. नाशिकच्या सिडको भागात एकसारख्या गल्ल्या आहेत. खूण दोन गल्ल्या पलीकडे पडली, तर कडेवर बाळ घेऊन आलेली आई शोधत बसेल.

मग तुमची वेबसाइट गूगलच्या सर्च कन्सोलला जोडा, म्हणजे गूगलच्या शोधात ती कशी दिसते हे दाखवणाऱ्या साधनाला. हेही फुकट आहे. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ अहवालात लोकांनी काय टाइप केलं, तुमचं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे कळतं. अगदी थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल खासगीपणासाठी लपवतं, त्यामुळे यादी अपुरी वाटली तरी गोंधळू नका.

खरं काम इथून पुढे आहे. यादीतली प्रत्येक ओळ वहीत उतरवा आणि तिच्यामागे आईबाबांची कोणती काळजी आहे ते शेजारी लिहा. समजा ‘अंबड एमआयडीसी डे केअर रात्री ८ पर्यंत’ अशी ओळ दिसली. असं शोधणाऱ्याला तुमच्या भिंतीवरच्या कार्टूनशी देणंघेणं नाही. कामावरून सुटायला उशीर झाला तर बाळाजवळ कोण असेल, एवढंच त्याला हवंय. तुम्ही आठपर्यंत थांबत असाल तर ते पानावर सगळ्यात वर लिहा. सातला बंद करत असाल तर तेही स्पष्ट लिहा. फी, जेवण, औषध कोण देतं, किती मुलांमागे एक ताई, हे सगळं असंच सरळ सांगा. फी लपवू नये असं माझं ठाम मत आहे. फोनवर विचारायला अवघडणारे आईबाबा पुष्कळ असतात.

पान गूगलवर दिसतंय पण कोणी उघडत नाही, असं असेल तर तिथे दिसणारं पानाचं शीर्षक बदला. तिथे नुसतं ‘होम’ लिहिलेलं असतं, तेव्हा कोण थांबणार? ‘पाळणाघर, इंदिरानगर नाशिक: ६ महिने ते ६ वर्षे, सकाळी ८ ते रात्री ८’ असं लिहा. मराठीबरोबर ‘डे केअर’ हा शब्दही पानावर असू द्या, दोन्ही शोधले जातात. ‘निअर मी’ मात्र लिहायची गरज नाही, शोधणारा कुठे आहे हे गूगलला कळतं.

सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशी नावं बदलून एकाच मजकुराची दहा पानं काही जण करून देतात. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. त्यापेक्षा ‘पाथर्डी फाट्याहून अंबडला जाताना बाळाला सोडता येतं’ हे एक खरं वाक्य लिहा.

मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका. झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि फाटकाची कडी यांचे फोटो टाका. रिव्ह्यू जरूर मागा, पण त्याबदल्यात फीमध्ये सूट देऊ नका. गूगलला ते चालत नाही, आणि तक्रार असलेल्या रिव्ह्यूलाही शांतपणे उत्तर द्या.

चौकशीचा फोन आला की ‘काय शोधलं होतंत?’ हे विचारून रजिस्टरमध्ये लिहा. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती राहते. तेव्हा मार्चमध्येच गेल्या वर्षीचा एप्रिल ते जूनचा अहवाल उघडा, रजिस्टर शेजारी ठेवा आणि त्याप्रमाणे पान दुरुस्त करून घ्या.